सलग सहा मैल

"कोण गेलं रे, रामकिसन?"

कारभारी आबांनी पारावरून हाक मारली आणि रामकिसनला थांबावंच लागलं. कोणी गेलं नव्हतं. पण आमच्याकडे माणूस कारणाशिवाय पळत नाही. पळाला म्हणजे बैल सुटला, गंजीला आग लागली, नाहीतर कोणीतरी गेलं.

"कोणी न्हाई गेलं, आबा. पळायची सवय करून राह्यलो."

"असं व्हय? बस मंग जरा."

हाच प्रश्न आबांनी काल विचारला होता, परवाही विचारला होता. म्हातारपणी विसर पडतो, असं मनाशी म्हणत रामकिसन पाच मिनिटं बसला. वडीलधाऱ्यानं बस म्हटल्यावर पुढं निघून जाणं त्याला जमणारं नव्हतं.

रामकिसन गावच्या शाळेत मास्तर. एके काळी औरंगाबादहून दहा हजार मीटरची ढाल घेऊन आलेला गडी. नोकरी लागायच्या आधी, बहात्तरच्या दुष्काळात, तो रस्त्याच्या कामावर होता. तिथं एक धोंडा घसरला तो थेट उजव्या गुडघ्यावर आला. पुढं दोन वर्षं हातात काठी. यंदा काठी सुटली आणि दिवाळी होते न होते तोच गडी पुन्हा पळायला लागला. मार्चमध्ये जालन्याला दहा मैलांची शर्यत होती. "दमानं घ्या, मास्तर. गुडघा पुन्हा गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही," असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण पळण्याच्या बाबतीत रामकिसन म्हणजे पालथा घडा. त्याची आई द्वारकाबाई पहिल्या दिवशी दारात आडवी उभी राहिली, तर हा तिच्या बाजूनं निघून गेला. आईचं ऐकायचं नाही आणि गावाचं मोडायचं नाही, ही आपल्याकडच्या लेकांची जुनीच रीत आहे.

पाराच्या पुढं अर्ध्या मैलावर रखमाजीचं हाटेल. "मास्तर, अर्धा कप!" चहाला नाही म्हणायचं म्हणजे माणसालाच नाही म्हटल्यासारखं. शिवाय रखमाजी उभ्यानं चहा देतच नसे. आधी बाकावर बसवी, मग चूल फुंकायला लागे. त्याच्या पुढं साळूबाईचं शेत. तिचा लेक फौजेत होता. ती धुऱ्यावर वाट बघत असायची आणि कमरेच्या पिशवीतून त्याचं पत्र काढायची.

"बस बाबा, आन् वाच. तू उभ्यानं वाचलं की मला बराबर कळत न्हाई."

पत्र रोज तेच. लेकाला तिकडचं पाणी मानवलं आहे, थंडी फार आहे, म्हशीला विकू नका. रामकिसनला ते झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं.

असं कुठं पळणं असतं? अर्धा मैल पळायचं आणि दहा मिनिटं बसायचं! तो मनात चरफडायचा. एक दिवस त्यानं रस्ताच बदलला. शिवेकडच्या गाडीवाटेनं निघाला, तर कारभारी आबा ज्वारीच्या कडेला हुरडा भाजत बसलेले. "ये, गरम हाय." हुरडा कोणी उभ्यानं खातं का? बसला. पुढच्या वळणावर बाभळीखाली साळूबाई होती, पत्रासकट. रामकिसननं हात टेकले.

महिने सरत गेले आणि शर्यत जवळ आली. शेवटी एका सकाळी त्याचा तोल सुटला.

"आबा, रोज रोज काय तेच विचारून राह्यले? कोणी मेलं न्हाई! अशानं माझी शर्यत बुडती ना!"

त्या दिवशी वर्गात पाढे म्हणून घेताना रामकिसनला स्वतःची लाज वाटत राहिली. ज्या माणसानं आपल्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच्यावर आपण ओरडलो. उद्या माफी मागायची, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पाराजवळ येताच त्याचा पाय मंदावला. आबांचं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. मग त्यांनी चक्क पाठ फिरवली. हाटेलापाशी रखमाजीनं त्याला पाहिलं आणि किटली घेऊन तो आत गेला. साळूबाईनं पत्र काढलंच नाही. ती मान खाली घालून तण उपटत राहिली.

रामकिसन पळत राहिला. मंठ्याच्या रस्त्यावरच्या पुलापर्यंत गेला, वळला, परत आला. सलग सहा मैल. गुडघ्यानं चकार शब्द काढला नाही. ज्यासाठी तीन वर्षं झुरला ते त्याला मिळालं होतं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी त्याला रडू येत होतं.

घरी येऊन तो चुलीपाशी बसला. द्वारकाबाई भाकरी थापत होती.

"माय, गाव रुसलं माझ्यावर. आज मला कोणीच थांबवलं न्हाई."

द्वारकाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"रुसलं न्हाई रे, लेकरा. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितल्तं, ह्याला तीन महिने सलग पळू देऊ नका, दर अर्ध्या मैलाला बसवा. तू माझं बिलकुल ऐकलं न्हाईस, मंग मी घरोघर जाऊन सांगून आल्ते. ते तीन महिने काल सरले."