उभी राहिली नि पडली

“हरलेल्यांची नोंद होत नाही,” संपादक म्हणाले. त्यांनी अंगठा जिभेवर ओला केला, फायलीतून तिचा कागद ओढला आणि टेबलावरून पुढे सरकवला. अंगठ्याचा ओला ठसा नेमका मावशीच्या नावावर उमटला.

टिवटिवीला शिसारी आली. कागद तिने दोन बोटांच्या चिमटीत उचलला.

नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावरची ती खोली. दारावर पाटी, ‘शहरकोश कार्यालय’. आत कपांच्या बुडाशी सुकलेला चहा, त्यात मेलेल्या मुंग्या. शहराची सगळी थोर माणसं याच खोलीतून पुस्तकात जाणार होती. मावशीनेही जावं म्हणून ती तीन महिने खेटे घालत होती. आज शेवटचा दिवस. छापखान्याचा माणूस दाराशी उभा राहून सारखं घड्याळ बघत होता.

मावशी नळजोडणीची कामं करायची. सगळा मोहल्ला तिला नळवाली म्हणायचा. वस्तीतलं उघडं गटार बंदिस्त व्हावं म्हणून ती नगराध्यक्षपदाला उभी राहिली आणि एकतीस मतांनी पडली. गल्लीतल्या टवाळांना तेवढंच पुरलं. ती पाना घेऊन निघाली की कट्ट्यावरून हाळी यायची, “उभी राहिली नि पडली!” मावशी हसून म्हणायची, “पडले तर पडले. तुमचे नळ गळायचे थांबलेत का?”

पण कोशाचा विषय काढला की मात्र ती मान फिरवायची. “टिवटिवे, हरलेल्याला कोण विचारतं? सोड तो नाद.” टिवटिवीला ते पटायचं नाही. म्हणूनच तिने नोंद लिहिली होती. घरी “अगं मावशी” म्हणणारी ती कागदावर मात्र ‘त्या गेल्या’, ‘त्या म्हणाल्या’ असं अगदी मानाने लिहीत गेली होती.

आता त्या कागदावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. ‘त्या’वर काट, वर ‘ते’. ‘घाबरल्या नाहीत’चं ‘घाबरले नाहीत’. शुद्धलेखन स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीच्या एवढ्या चुका? तिला काही समजेना. शेवटच्या ओळीत फक्त मावशीचं नाव खोडलेलं होतं, पुढच्या शब्दांवर खूण नव्हती. तिथे चहाच्या कपाचं तपकिरी कडं होतं.

“सर, माणूस किती मतांनी हरला की नसल्यात जमा होतो?”

“एका मताने हरला तरी. नियम म्हणजे नियम.” संपादकांनी दाढेत अडकलेलं काहीतरी काडीने काढलं, निरखून पाहिलं आणि पुन्हा तोंडात टाकलं. “तोंड पाडू नकोस. तू शुद्धलेखनात पहिली आलीस ना? आमचा मुद्रितं तपासणारा आज आला नाही. एकच पान राहिलंय, वाच आणि सही कर. अध्यक्षसाहेबांचं पान आहे, नशीब समज.”

तिने वाचायला सुरुवात केली. अध्यक्षसाहेबांचं शिक्षण, अध्यक्षसाहेबांची मोटार. मग पूर. ‘गटार अजगरासारखं फुगलं होतं.’

तिचं बोट तिथेच थांबलं. अजगर तिचा होता. दोन दिवस डोकं खाजवून तिने तो शोधला होता. पुढच्या ओळीतला मावशीचा पानाही ओळखीचा, त्यापुढची कुदळही. तिला तो दिवस आठवला. निवडणूक होऊन महिना झाला होता. मावशी गटारात उतरून पाना, कुदळ आणि हातांनी गाळ उपसत होती आणि अध्यक्षसाहेब काच वर केलेल्या मोटारीत नाकाला अत्तराचा रुमाल लावून बसले होते. पाच मिनिटांत मोटार वळली होती.

“हे माझं आहे,” ती म्हणाली.  “हे सगळं मावशीने केलं. ते तर खालीसुद्धा उतरले नाहीत!”

छापखान्याचा माणूस जमिनीकडे बघू लागला. संपादक हसले. दातांच्या फटी दिसल्या.

“शब्द कुणाच्या बापाचे नसतात, पोरी. हरलेल्या बाईवर वाया गेले असते, ते कामी लावले. चुका असतील तर सांग, नाहीतर सही कर. खाली गाडी थांबलीय.”

 पान फाडावं, त्या कपातल्या मुंग्या याच्या तोंडात ओताव्यात, असं तिला वाटलं. तेवढ्यात तिची नजर शेवटच्या ओळीवर गेली. तिने ती पुन्हा वाचली. हातातलं तपासणीचं लाल पेन त्या ओळीवर आलं, क्षणभर टेकलं, आणि तिने ते उचललं.

“बोल, किती चुका?”

“एकही नाही, सर.”

तिने ठळक अक्षरात लिहिलं: ‘तपासले. सर्व बरोबर आहे.’ खाली झोकदार सही ठोकली. मग जिन्याखालच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा.

महिन्याभरात कोश आला. दोन हजार प्रती. शाळेत, वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत. पहिल्या दोन दिवसांतच कट्ट्यावरचे टवाळ गप्प झाले. नंतर ते हसायला लागले, पण नळवालीला नाही.

टिवटिवीने वाचनालयातली प्रत घरी आणली आणि मावशीपुढे उघडली. मावशीने हात साडीला पुसले, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं:

“पाणी ओसरेपर्यंत अध्यक्षसाहेब कमरेइतक्या घाणीत उभ्या होत्या.”