चौथीच्या वर्गाची भिंत

जुन्या दगडी शाळेचे फ्लॅट झाले, तेव्हा द्वारकाबाईंनी चौथीचा वर्गच मागून घेतला. त्यांची शेवंता चौथीत असतानाच तापानं गेली होती, आणि आता तिचा आवाजही त्यांना आठवेनासा झाला होता.

जुना चुना आवाज धरून ठेवतो हे कळल्यापासून भिंतींतले आवाज पुसून घेतल्याशिवाय सोसायटी अशा घरांची किल्ली देत नसे. ते आवाज ऐकवणारं नि पुसणारं यंत्र घेऊन मुजावर आला.

"आधी माझी पोर तेवढी काढून दे बाबा," बाई म्हणाल्या.

"मावशी, पाढ्यांच्या गलक्यात एकटं पोर कुठं सापडायचं? सगळी एका सुरात ओरडतात."

तरी त्यानं यंत्र कमानीखालून भिंतीवर फिरवत नेलं. प्रार्थना ऐकू आली, पावकी आली, घंटा आली. फळा होता त्या कोपऱ्यात गलका थांबला. छडी वाजली, आणि मग एकाच मुलीचं रडणं.

"गुरुजी, डाव्या हातानं नाही लिहिणार. पण आईला सांगू नका. ती रात्रभर हात खाटेला बांधून ठेवते."

बाईंनी आवाज ओळखला.

मुजावरनं यंत्र थांबवलं. बाईंकडे न बघताच तो म्हणाला, "मावशी, नुसतं 'गुरुजी' एवढं ठेवतो. बाकीचं पुसून टाकतो."

द्वारकाबाई भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "सगळं राहू दे. पुन्हा लाव."