बारावा कप्पा

स्टुडिओतले सगळे व्हिडिओ ज्या डिस्कवर साठवले जात, त्या सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. वरच्या मजल्यावरचे सगळे एडिटर तिच्या सोळा डिस्कच्या एकाच गटावर काम करत.

त्या सकाळी बिघडलेली बारावी डिस्क मावशीने रॅकमधल्या तिच्या कप्प्यातून काढून ठेवली. नवी अजून आली नव्हती. तरी रॅकशेजारचा पडदा सांगत होता, सोळाच्या सोळा डिस्क ठणठणीत. आणि रिकाम्या बाराव्या कप्प्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"चालतंय ना? मग कशाला हात लावता?" साहेब म्हणाले.

"माझ्या रॅकमध्ये मला न विचारता कोणी बसायचं नाही," मावशीने ठणकावलं.

सगळ्याची नक्कल दुसऱ्या रॅकवर होतीच. तिने एकेक डिस्क उपसायला घेतली. आणखी दोन निघाल्या की गट कोसळायला हवा होता. पंधराच्या पंधरा टेबलावर आल्या, तरी पडदा तेच सांगत होता.

तिने वर फोन लावला. "काम बंद पडलं का रे?"

"छे! आज तर झकास पळतंय, मावशी," एडिटर म्हणाला.

मावशीचं डोकं फिरलं. फोन खांद्याशी दाबून तिने बाराव्या कप्प्यात हात घातला. कप्पा जेमतेम वीतभर खोल. हात कोपरापर्यंत गेला.

"चल, नीघ बाहेर!"

फोनवर एडिटर ओरडला, "मावशी, सगळ्यांच्या पडद्यावर एका बाईचा हात आलाय. कोणीतरी त्याचं मनगट धरलंय."

आतली पकड आवळली.

"धरू दे," मावशीने रॅकला पाय रोवला. "सोडायची सवय मलाही नाही."