शेक

धनराजनं लॅपटॉपखाली ठेवायचे तिन्ही कूलिंग पॅड काउंटरवर मांडून घेतले होते आणि अर्धा तास झाला तरी त्याचं काही ठरत नव्हतं. एकाला दोन पंखे, दुसऱ्याला तीन, आणि तिसरा चार पंख्यांचा, निळे दिवे लागणारा, पण लॅपटॉपपेक्षाही मोठा. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणून त्यानं तो बाजूला सारला आणि थोड्या वेळानं हळूच परत पुढं ओढला. मग खिशातून सुतळी काढून मापं घ्यायला लागला. लॅपटॉपची लांबी-रुंदी तो सुतळीला गाठी मारून घेऊन आला होता.

“लॅपटॉपच आणायचा ना, दादा,” ज्योत्स्ना म्हणाली. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचं ते दुकान तिचंच, आणि दुरुस्तीही तीच करायची.

“तो ड्यूटीवर आहे घरी,” धनराज हसून म्हणाला.

ही गोष्ट सांगायला त्याला फार आवडायचं. अंबडच्या ज्या कंपनीत तो ड्रॉइंग काढायचा तिथल्या साऱ्यांना ती सांगून झाली होती. साहेबांनी वापरून टाकलेला लॅपटॉप त्याच्या वाट्याला आला, तो असा तापायचा की अर्ध्या ड्रॉइंगवर बंद पडायचा. त्यात यंदाची नाशिकची थंडी, आणि घरात अडीच महिन्यांचं बाळ. देवळ्याहून आलेल्या त्याच्या आईला, चिमणाबाईला, नातवाला शेकायला निखाऱ्यांची शेगडी हवी होती. डॉक्टरांनी धूर नको म्हणून बजावलेलं. आठवडाभर धुसफूस चालली. मग एके दिवशी चिमणाबाईचा हात लॅपटॉपला लागला.

“म्हणते कशी, अरे, ही तर बिनधुराची शेगडी,” धनराज सांगत होता. “तेव्हापासून दिवसा तो बाळाच्या दुपट्याखाली. चार्जरची पिन लावली की जास्त तापतो, हे पण तिनंच शोधून काढलं. झाकण मिटलं तरी चालू राहील असं मी करून दिलंय. आजही मीच लावून आलो. तिला गरम पाहिजे, मला गार. दिवस तिचा, रात्र माझी. म्हणून हा पॅड.”

ज्योत्स्ना हसली नाही. “टेबलावर नीट बसतो का तो?”

“नाही ना. डुगडुगतो. साहेबांसारखं पोट सुटलंय त्याला खालून.”

तिनं हातातला पॅड खाली ठेवला. “बॅटरी फुगलीय ती. कसला गोडसर वास येतो का? नेलपॉलिशसारखा?”

“सकाळी तरी नव्हता.”

“दादा, पॅड राहू द्या. अशी बॅटरी पेटते. पेटायच्या आधी कधी कधी तसा वास सुटतो. घरी फोन लावा आणि पहिल्यांदा बाळाला उचलायला सांगा.”

सुतळी हातातच राहिली. इतके दिवस ज्या गोष्टीवर आपण टाळ्या घेत होतो ती काय होती, हे त्याला एकदम कळलं. तृप्ती, त्याची बायको, टाके दाखवायला दवाखान्यात गेलेली. घरात आई आणि बाळ, दोघंच. त्यानं मोबाइलवरून घरच्या लँडलाइनचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पाचव्या रिंगला आईनं फोन उचलला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“हळू बोल,” चिमणाबाई कुजबुजली. “आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा.”

“आई, त्याला उचल. तो लॅपटॉप काढ खालचा.”

“अन् कशाला रे? सकाळधरनं किरकिर करत व्हता. आज लय ऊब देतंय तुझं ते मशीन, कालच्यापेक्षा जास्ती. वास पण कसा गोड येतोय.”

धनराजनं फोन तोंडाजवळ ओढला. एकच शब्द बोलायचा होता. पण याच बाईनं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं, तान्ह्याच्या बाबतीत अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. बाळाला साधी शिंक आली तरी घरात ‘सर्दी झाली’ असं कुणी म्हणायचं नाही. आणि आता बाळाचं नाव आणि तो शब्द एका वाक्यात घ्यायचा, तर जीभ उचलेना.

“आई, ते चांगलं नाही. तू काढ. मी सांगतो ना.”

“कळलं,” चिमणाबाई म्हणाली. “कंपनीचं काम निघालं असंल. पोराची झोप मोडून काय बी काम नको करू. घटकाभर निजू दे त्याला, मग देते काढून.”

“काम नाही गं आई, ऐक, तो...”

“अन् सारखा फोन नको करू. घंटीनं दचकतंय लेकरू. मी रिसीव्हरच काढून ठेवते हा.”

खट असा आवाज झाला. धनराजनं परत नंबर लावला. एंगेज. परत लावला. बाहेर द्वारकेच्या चौकात गाड्या अडकून पडल्या होत्या. मोकळ्या रस्त्यानंसुद्धा घर वीस मिनिटांवर होतं. ज्योत्स्ना काउंटरला वळसा घालून पुढं आली आणि शेजाऱ्यांचा नंबर आहे का, म्हणून विचारू लागली. त्यानं मान हलवली. नव्हता.

तो मोटारसायकलकडे धावला, एका हातानं फोन कानाशी धरून.

“आई, पेटेल गं तो. बाळाखाली पेटेल,” तो मोठ्यानं म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

पलीकडे नुसतं टूं टूं वाजत होतं.