कानामागची टिकली

"पोरीला हे चिकटवायचं नाही म्हणजे नाही," शाळेच्या गेटवरच दशरथ बायकोवर खेकसला.

"मग रडू दे तिला. बाकीची पोरं बघा, कशी गुमान आत चाललीत," रंजना म्हणाली.

खरंच, कानामागे भीती शोषणारी टिकली लावलेली पोरं मागं वळूनसुद्धा बघत नव्हती. गार्गी तेवढी त्याच्या पँटीला धरून हुंदके देत होती. त्याच्या पोटात कालवत होतं.

साधं खोकल्याचं औषधही तो आधी स्वतः चाखायचा, मगच तिला द्यायचा. त्यानं रंजनाच्या हातातली टिकली घेऊन आधी आपल्याच कानामागं दाबली.

पोटातलं कालवणं थांबलं.

"बाबा, मला न्यायला येशील ना?" गार्गीनं विचारलं.

ती का रडतेय ते त्याला कळत होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं. त्यानं तिची बोटं पँटीवरून सोडवली.

"मला आता निघायला पाहिजे," तो म्हणाला.