गंधचित्रातला डाग

"दरडीखाली कोणी जिवंत नाही," लॅपटॉपकडे पाहत बचाव पथकाचा तंत्रज्ञ मुजावर म्हणाला. रंभा या शोधकुत्रीच्या नाकावर बांधलेल्या सेन्सरपट्टीने टिपलेली गंधांची फाइल त्याने नुकतीच माणसाला दिसेल अशा हलत्या चित्रात बदलली होती. चित्रात ओली माती होती, मोडलेली चूल होती, सांडलेलं रॉकेल होतं. माणूस नव्हता. ढिगारा सपाट करायला जेसीबी निघालाही होता.

रंभा मात्र जागची हलेना. तिला सांभाळणाऱ्या हवालदार खरातबाईंनी दोनदा दोरी ओढून पाहिली.

"फाइल बदलताना तू काय काय पुसतोस रे?" त्यांनी विचारलं.

"मी नाही, मॅडम. धूळ, डाग, थरथर असेल ते प्रोग्रॅमच साफ करतो. चित्र स्वच्छ येतं."

"मग मला घाणेरडं दाखव."

मुजावरने सफाई बंद करून फाइल पुन्हा बदलली. या वेळी चित्र धुरकट आलं. चुलीमागे एक फिकट डाग होता. तो जरा फुगला, आक्रसला, पुन्हा फुगला.

मुजावर नकळत त्याच्याच तालावर श्वास घेऊ लागला. मग एकदम दचकून ओरडला, "जेसीबी थांबवा! हातांनी उकरा!"

रंभाने केव्हाच सुरुवात केली होती.