पाच खणांची घरपट्टी

बोर्लीच्या बाजारातून आणलेली काथ्याची दोरी खतिजाने आधी स्वतःच्या घराला लावली, मग शेजारच्या जैबुन्निसाच्या. दोन्ही घरं पाच खणांची, वीतभरही फरक नाही. मग जैबुन्निसाला घरपट्टी दीड रुपया आणि आपल्याला तीन? कुठंतरी पाणी मुरत होतं.

"कारकुनाचे हात ओले केलेस ना गं?"

"अल्लाची कसम, न्हाय! तीन तर तीन, भरून टाक बाई," जैबुन्निसा म्हणाली आणि नजर चुकवून घरात गेली.

भरून टाक म्हणे! हिच्या बापाचं काय जातंय? पंचायत झाल्यापासून पट्टी खतिजाचा नवरा करमअलीच भरायचा. यंदा तो जहाजावरून वेळेत आला नव्हता, म्हणून तर ही लबाडी उघडी पडली. खतिजाने दोरी गुंडाळून काखोटीला मारली आणि तणतणत पंचायतीच्या ओटीवर जाऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, शेजारणीला दीड आणि मला तीन. माझी कौलं काय सोन्याची हायत?"

दत्तात्रेय कारकुनाने वही उघडली, बोट फिरवलं. "चूक नाही, बाई. करमअलींच्या नावावर दोन घरं आहेत. दीड आणि दीड, तीन."

"दोन? दुसरं कुठलं?"

"खाडीपलीकडच्या वाडीत. दोन वर्षं झाली की बांधून." एवढं बोलून त्याने जीभ चावली.

खाडीपलीकडं तर जैबुन्निसाचं माहेर! म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, म्हणून ती नजर चुकवत होती. आणि आपण तिलाच चोर ठरवत होतो. खतिजाने ओटीचा खांब धरला.

"कोण राहतं तिथं?"

"आम्ही घरं मोजतो, बाई. माणसं नाही."

"मग किती खणांचं हाय, ते तरी सांगा."

"पाच. तुमच्याएवढंच."

दोन बायका केल्या तर दोघींना सारखं द्यावं, हे खतिजा लहानपणापासून ऐकत आली होती. ती हसली. ते हसू ऐकून कारकुनाने मान खाली घातली.

तिने पदराची गाठ सोडली, तीन रुपये वहीवर ठेवले, पावती घेतली आणि घराकडे न वळता खाडीची वाट धरली.

"बाई, तिकडं कुठं?"

"दोघींना सारखंच दिलंय म्हणता ना?" तिने काखेतली दोरी दाखवली. "मोजून बघते."